शेल्डच्या काठी, कारंज्याचा शेजार

रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि जेवणाच्या ताटावर ऊन पडले होते. कारंज्याहून आलेल्या पाहुण्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, एकदा खिडकीबाहेर पाहिले, आणि हात मागे घेतला. चाळीस वर्षे रात्रीभोजनाचा त्याग पाळणाऱ्या माणसाला नऊ वाजता घास घेणे जड जाते, मग सूर्य डोळ्यांसमोर असला तरी. यजमानांना हे नवे नव्हते. "व्रत सूर्याचं आहे, घड्याळाचं नाही. जेव आता," ते म्हणाले. जून महिन्यात अँटवर्पचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दोन घटकांचा नियम पाळला तरी सव्वानऊपर्यंत अवधी होता. याच शहरात डिसेंबरात दुपारी साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो. तेव्हा हिरेबाजारातले कितीतरी जैन व्यापारी साडेतीनलाच माल आवरून डबा उघडतात, हेही त्यांनी जेवता जेवता सांगितले.

हे दोघे एका भिंतीचे शेजारी आणि एका वर्गाचे सोबती. कारंजा येथील श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमात दोघांचे बालपण गेले. १९१८ साली देवचंदजींनी, म्हणजे पुढच्या समंतभद्र महाराजांनी, सुरू केलेल्या या गुरुकुलाचे नाव वऱ्हाडाबाहेर फार दूर पोचलेले आहे. कर्नाटकातून तेथे शिकायला आलेले पद्मनाभ जैनी पुढे लंडन विद्यापीठात आणि नंतर अमेरिकेत बर्कलीला अध्यापक झाले. जैन धर्मावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आज जगभर अभ्यासला जातो. आपल्या या दोघांची वाट मात्र विद्येची नव्हती. एकाने वडिलांची अडत सांभाळली. दुसऱ्याच्या वडिलांची पेढी बसली, म्हणून तो मुंबईला ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात एका पालनपुरी पेढीवर कारकून म्हणून चिकटला, आणि १९७९ साली त्या पेढीने त्याला अँटवर्पला पाठवले. गेला तो तिकडचाच झाला.

पाहुण्यांच्या बॅगेत सरगुंडे, मूगवड्या आणि मेथकूट होते. त्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागदही होता. मित्राचे कारंज्याचे घर आता राहण्यासारखे उरलेले नाही. माळवद खचले आहे आणि पावसाळ्यात सामाईक भिंत शेजारच्या घरावर कलते. भावंडांनी विक्रीला संमती दिली आहे. उरली आहे ती एकट्या अँटवर्पकरांची सही. दोन वर्षे फोनवर "पाहू" एवढेच उत्तर मिळत होते. फोनवर जे मिळत नाही ते समोरासमोर मिळेल, या हिशेबाने घरच्यांनी पाहुण्यांना विमानात बसवले होते. अर्थात मित्राला भेटायचे होते हेही खरेच. पण कागद नसता तर ते या वयात निघाले असते का, याचे उत्तर त्यांनाही देता आले नसते.

पहिल्या सकाळी कागदाचा विषय निघाला, तेव्हा यजमान म्हणाले, "आधी गाव तर बघ."

गाव बघण्याची सुरुवात स्टेशनपासून झाली, आणि ते योग्यच होते. ब्रुसेल्सच्या विमानतळावरून पाऊण तासाच्या आत गाडी अँटवर्पला येते. १९०५ साली बांधलेल्या या मध्यवर्ती स्थानकाचा घुमट सुमारे ७५ मीटर उंच आहे, आणि गावकरी त्याला रेल्वेचे कॅथेड्रल म्हणतात. संगमरवरी जिने, सोनेरी अक्षरांची घड्याळे, आणि खाली एकाखाली एक तीन मजल्यांवर रूळ. ज्याने आयुष्यभर मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी शकुंतला पाहिली, तिच्या बंद पडण्याने हळहळला, त्याला येथे काय वाटावे? पाहुणे बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्या शकुंतलेचा कापूस इकडेच आला असेल." हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ती लहान रुळांची गाडी कापसासाठीच घातली गेली. 'ऊमरा' या नावाने ओळखला जाणारा वऱ्हाडचा कापूस रॅली आणि व्होल्कार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्या विकत घेत आणि युरोपच्या बंदरांत पाठवीत. आखूड धाग्याचा हा माल इंग्लंडपेक्षा युरोप खंडातल्या गिरण्यांना अधिक चाले.

स्थानकाच्या शेजारीच हिरेबाजार आहे. होव्हेनियर्सस्ट्राट आणि तिला लागून असलेल्या दोनतीन गल्ल्या, एवढाच त्याचा पसारा. दोन्ही टोकांना अडथळे, पोलीस, कॅमेरे. बाहेरून पाहणाऱ्याला येथे काही चमकदार दिसत नाही. कचेऱ्यांच्या साध्या इमारती, काळे कोट घातलेले ज्यू दलाल, गुजरातीत बोलणारे पालनपुरी व्यापारी, आणि कोणाच्या तरी खिशात चौकोनी घडीच्या कागदी पुडीत लाखोंचा माल. येथे एक नव्हे, चार हिरे-विनिमयगृहे आहेत. सर्वांत जुने १८९३ चे, सर्वांत अलीकडचे १९२९ चे. सौदा ठरला की दोघे हात मिळवतात आणि 'माझल' हा हिब्रू शब्द उच्चारतात. नशीब लाभो, असा त्याचा आशय. ख्रिस्ती असो, ज्यू असो की जैन, शब्द तोच. त्यानंतर भाव वाढला म्हणून कोणी फिरत नाही. फिरला तर त्याला बाजारात बसू देत नाहीत.

अडत्याला हे समजावून सांगावे लागले नाही. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारी पिढी त्यांनी पाहिली आहे. कारंज्याच्या बाजार समितीत आज सोयाबीन आणि तुरीचा लिलाव उघड्यावर होतो, आणि तेच बरे आहे, कारण रुमालाखालचा भाव शेतकऱ्याला दिसत नसे. तरी शब्दाला किंमत होती हे खरे. त्यांच्या वडिलांनी मित्राच्या वडिलांसाठी असाच एक शब्द टाकला होता. पेढी बसल्यावर तो शब्द त्यांना अंगावर घ्यावा लागला. ती रक्कम पुढे अँटवर्पहून दर दिवाळीला थोडी थोडी करत फिटली. दोन्ही घरांत त्याबद्दल कधी बोलणे झाले नाही.

हिऱ्याचा आणि या शहराचा संबंध आपल्या दख्खनपासून सुरू होतो, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा मिळे तो मुख्यतः हिंदुस्थानातून. गोवळकोंड्याचा माल गोव्याला येई, गोव्याहून लिस्बनला, आणि तेथून घडणावळीसाठी अँटवर्पला. जाक द कूत्र नावाचा ब्रुग्जचा जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरपर्यंत फिरला होता. पुढे खाणी आफ्रिकेत आणि रशियात गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालनपूरची मंडळी लहान आकाराच्या, येथल्या बड्या व्यापाऱ्यांनी दुर्लक्षिलेल्या मालावर येथे शिरली. तो बारीक माल सुरतेत स्वस्तात घडवता येत होता. वीसतीस वर्षांत बाजाराचा मोठा हिस्सा त्यांच्या हाती आला. परंतु आज त्या गल्लीत पूर्वीची गर्दी नाही. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव खाली आणले, कच्च्या मालाचा व्यापार दुबईकडे सरकला, आणि २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर युरोपीय संघाचे निर्बंध लागले. यजमानांचा मुलगा या धंद्यात आला नाही. तो संगणकाच्या कामाला ब्रुसेल्सला जातो. मुलगी मात्र पेढीत बसते, आणि माल पारखण्यात तिचा डोळा आपल्यापेक्षा चांगला आहे, असे यजमान उघडपणे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा निघाला, आणि यजमान पाहुण्यांना घेऊन ट्रामने विलरेइकला गेले.

विलरेइक हे अँटवर्पचे उपनगर. विटांच्या घरांच्या, सायकली उभ्या केलेल्या शांत वस्तीत एकाएकी संगमरवरी शिखर दिसते. पार्श्वनाथांचे हे मंदिर भारतात घडवलेल्या दगडांनी उभारले गेले आणि २०१० च्या सुमारास पूर्ण झाले. कामाला लागलेली वर्षे, दगडांची जहाजातली वाहतूक, पाऊस आणि बर्फ यांत टिकेल असे सांधकाम, ही सर्व खटपट तेथल्या श्रावकांनी केली. मुनींचा विहार पायी. समुद्र ओलांडून ते येणे शक्य नाही. म्हणून येथे गुरूंचे सान्निध्य कमी आणि श्रावकांवर जबाबदारी जास्त. रविवारची पाठशाळा चालते. मुले डच भाषेत शंका विचारतात आणि शिकवणारे गुजरातीत उत्तर देतात.

मंदिर श्वेतांबर परंपरेचे आहे. यजमान दिगंबर. पाहुण्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मीही दारात थबकलो होतो. मग म्हटलं, पार्श्वनाथ तर आहेत." वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दार कुलूपबंद राहिले ते चार दशकांहून अधिक, आणि २०२३ च्या मार्चमध्ये ते उघडले. जिल्ह्याच्या एका पूर्ण पिढीने ती मूर्ती दाराच्या झरोक्यातून पाहिली. पाहुणे बसले, णमोकार म्हटला, आणि बराच वेळ उठले नाहीत. बाहेर आल्यावर बूट घालताना त्यांनी एवढेच विचारले, की येथे दार किती वाजता उघडतात.

पुढचे दोन दिवस जुन्या शहरात गेले. नगरभवनासमोरच्या चौकात १८८७ चे ब्राबोचे कारंजे आहे. आन्टिगोन नावाचा राक्षस नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून जकात घेई आणि न देणाऱ्याचा हात तोडी. ब्राबोने त्याचाच हात तोडून नदीत फेकला, अशी कथा. जकातीच्या जुलमावर गावाचे नाव बसले हे ऐकून पाहुण्यांना मोठे समाधान वाटले. आयुष्यभर त्यांनी नाकी, सेस आणि तोलाई भरली आहे. मिठाईच्या दुकानांत त्या तोडलेल्या हाताच्या आकाराची बिस्किटे मिळतात. यजमानांनी ती घेऊ दिली नाहीत, कारण त्यात अंडे असते. गावभर दरवळणारे तळलेल्या बटाट्यांचे काप तर दुहेरी वर्ज्य. एक तर जमीनकंद, आणि दुसरे म्हणजे येथे ते परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात. आपल्याकडून सहलीला जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबांना हे बहुधा कोणी सांगत नाही. वहिनींनी म्हणूनच रोज दशम्या आणि चटणीचा डबा बांधून दिला. त्यांच्या स्वयंपाकघरात नळाला आजही पांढरे गाळणे बांधलेले आहे. महानगराचे पाणी शुद्ध असते हे त्यांना ठाऊक आहे. तरी गाळणे रोज बदलले जाते.

कॅथेड्रलचे बांधकाम १३५२ मध्ये सुरू झाले आणि त्याचा १२३ मीटरांचा मनोरा १५२१ मध्ये पुरा झाला. आत रूबेन्सची मोठी चित्रे आहेत. पाहुण्यांनी ती आदराने पाहिली. पण त्यांचे पाय खऱ्या अर्थाने थांबले ते प्लांतिन-मोरेतुस यांच्या छापखान्यात. हा छापखाना क्रिस्तोफ प्लांतिन याने १५५५ मध्ये सुरू केला. तो पुढे सुमारे तीनशे वर्षे एकाच घराण्यात चालला, आणि १८७६ मध्ये घर, यंत्रे, खिळे, ग्रंथ आणि वह्या यांसह सारे काही शहराने विकत घेतले. आज ते संग्रहालय जागतिक वारशाच्या यादीत आहे. जगातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी दोन मुद्रणयंत्रे तेथे आहेत. पाच भाषांतले आठ खंडांचे बायबल येथेच १५६८ ते १५७३ या काळात छापले गेले. पाहुण्यांना मात्र दिसल्या त्या हिशेबाच्या वह्या. नावे आणि जमा समोरासमोर मांडलेली. कागद किती आला, मजुरी किती गेली, कोणत्या गावच्या विक्रेत्याकडे किती येणे राहिले, सारे लिहिलेले. भाषा कळत नव्हती, पण मांडणी कळत होती. काचेवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही खतावणी. रोजमेळ वेगळा असणार." तसाच तो होता.

प्लांतिनला मुली होत्या. अँटवर्पचा छापखाना त्याने सोपवला तो यान मोरेतुस या जावयाकडे. हा जावई पोरवयापासून त्याच दुकानात राबलेला होता. हे ऐकून यजमान हसले आणि म्हणाले, की मी तर जावयाचीही वाट पाहिली नाही, सरळ मुलीलाच बसवले.

छापखाना पाहून परतताना दोघांच्या बोलण्यात कारंज्याचे शास्त्रभांडार आले. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन मंदिरांचे हे गाव. त्यांच्या भांडारांतल्या पोथ्या पाहण्यासाठी विद्वान दूरदूरहून येत. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादले आणि १९३१ मध्ये ते कारंज्याहूनच प्रसिद्ध झाले. हीरालाल जैन यांचे 'णायकुमारचरिउ' १९३३ चे. त्याच पुष्पदंताच्या महापुराणातला हरिवंशाचा भाग १९३६ मध्ये लुडविग आल्सडोर्फ या जर्मन पंडिताने हॅम्बुर्गहून छापला. गुरुकुलातील मुलांना या पोथ्यांना हात लावण्याची मुभा नसे. या दोघांनी एकदा तो लावला होता आणि शिक्षाही भोगली होती. ती शिक्षा नक्की काय होती यावर शेल्डच्या काठी उभे राहून दोघांचा वाद झाला.

नदीखालून पायी जाण्यासाठी येथे १९३३ साली बोगदा काढला. लाकडी पायऱ्यांच्या जुन्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरायचे, सुमारे ३१ मीटर, आणि मग ५७२ मीटर चालत पलीकडच्या तीरावर. पलीकडून सबंध शहर दिसते. यजमान तेथे का घेऊन आले ते तिथल्या बाकावर बसल्यावर कळले. "हे गाव एकदा बसलं होतं," ते सांगू लागले. सोळाव्या शतकाच्या मध्याला हे युरोपातले पहिल्या प्रतीचे व्यापारी शहर होते. १५३१ मध्ये येथे उभ्या राहिलेल्या व्यापारगृहाचा नमुना घेऊन ग्रेशमने लंडनचे उभारले. पुढे युद्ध आले. १५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने शहर जिंकले, आणि नदीचे मुख डचांच्या ताब्यात गेल्याने जहाजे थांबली. सुमारे लाखाची वस्ती काही वर्षांतच बेचाळीस हजारांवर आली. व्यापारी अॅमस्टरडॅमला गेले. नदी पूर्णपणे मोकळी झाली ती १८६३ मध्ये, जकातीचा हक्क पैसे देऊन सोडवून घेतल्यावर. गेलेल्यांची घरे कोणी विकली, कोणाची पडली.

"तू कागद आणला आहेस ना," यजमान म्हणाले, "मला ठाऊक आहे ते बरोबरच आहे. भिंत तुझ्या घरावर पडेल. पण ते घर आहे तोवर मी परगावी आलेला माणूस आहे. ते गेलं की मी इथला झालो."

पाहुण्यांनी उत्तर दिले नाही. अडत्याला भाव सांगण्याची सवय असते, आणि येथे सांगण्यासारखा भाव नव्हता. काही वेळाने ते म्हणाले, "माझ्या घरी तुझी खोली आहे. ती कागदावर नाही." मग दोघे पुन्हा बोगद्यातून परत आले, कारण सूर्य कलला होता आणि वहिनी ताट वाढून थांबल्या असतील.

कारंज्याची कस्तुरीची गोष्ट त्या रात्री निघाली. उंटांवरून आलेली सारी कस्तुरी गावातल्या एका जैन सावकाराने विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवली, अशी ही आख्यायिका. यजमानांच्या नातवाने ती पहिल्यांदाच ऐकली. त्याला शंका आली ती एकच, की मग तो वास आता कुठे आहे. आजोबांना उत्तर सुचले नाही. पाहुणे म्हणाले, "पावसाळ्यात ये, म्हणजे कळेल." मुलाने आईकडे पाहिले. आईने नाही म्हटले नाही.

शेवटच्या आधीच्या दिवशी दोघे ब्रुसेल्सला गेले. भारतीय दूतावासात मुखत्यारपत्रावर सही करून ते साक्षांकित करून घ्यायला फारसा वेळ लागला नाही. यजमानांनी आपले संपूर्ण नाव मराठीत लिहिले, वडिलांच्या नावासह, आणि त्याखाली इंग्रजीत सही केली. परतीच्या गाडीत दोघांनीही त्या कागदाचा उल्लेख केला नाही. बोलणे झाले ते सोयाबीनच्या भावावर.

निरोपाच्या सकाळी स्थानकाच्या वरच्या फलाटावर गाडी लागली होती. पाहुणे डब्यात चढले, बॅग ठेवली, आणि दाराशी परत आले. तेव्हा यजमानांनी एकदम विचारले, "ओसरीच्या खांबावर मोर कोरलेला आहे, आठवतो?"

"आठवतो. एका मोराची चोच तू मोडलीस."

"तू मोडलीस. तो खांब उतरवशील तर जपून उतरव. फोडू देऊ नकोस."

"गोदामात ठेवतो," पाहुणे म्हणाले. "पोत्यांच्या मागे, कोरड्या जागेत. नातवाला पाठव, त्याला दाखवीन."

दारे बंद होण्याची शिटी झाली. वहिनींनी दिलेला डबा हातातच राहिला होता. तो यजमानांनी घाईघाईने आत दिला.